बाकी सहा

अण्णांकडून घेतलेले पैसे मी फेडले. शेवटचा हप्ता घेऊन गेले तेव्हा व्याजाचं विचारलं, तर त्यांनी चष्म्याच्या वरून नुसतं पाहिलं. मग एक पाठकोरा कागद ओढला, रक्कम पूर्ण पोचली, आता काही येणं नाही, असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. नाशिकरोडच्या मालधक्क्यावर उभा जन्म कारकुनी केलेला माणूस. माल उतरला की पावती फाटलीच पाहिजे. ती पावती माझ्याजवळ आहे. जे पावतीत मावलं नाही ते सांगायला बसले आहे.

आमचा वाडा नाशिकरोडला, स्टेशनच्या आवाजात. अण्णा आणि काकू शेजारच्या दोन खोल्यांत. अण्णांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. नोकरी वाघिणींची: कुठली वाघीण आली, नंबर काय, आत कांदा की खत की सिमेंट, किती वेळ धक्क्याला उभी राहिली, डेमरेज किती बसलं. रद्द झालेले छापील फॉर्म ते घरी आणत. एका बाजूला रेल्वेचे रकाने, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर दिवेलागणीपासून काकूंनी पानं घेईपर्यंत त्यांच्या वजाबाक्या चालत. वाड्यातल्या बायकांचा समज असा की बिचारे नोकरीचं काम घरी आणतात. काकूंना खरं काय ते माहीत होतं, पण त्या कुणाचा गैरसमज दूर करायला जात नसत.

अण्णांचं लहानपण देवळालीत गेलं आणि देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले, १९२७ चं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी मुलांना शिकवलं. पदवीच्या पुढचं गणित ते कुठल्या विद्यापीठात शिकले नाहीत. आकड्यांशी खेळत राहिले, पुस्तिका काढत राहिले, परिषदांना जात राहिले. अण्णांनी त्यांना देवळालीच्या रस्त्यावर येताजाता पाहिलेलं. त्यांच्या वर्गात बसायचा योग मात्र आला नाही. वडिलांनी दुसऱ्या शाळेत घातलं होतं. हे अण्णांना आयुष्यभर लागून राहिलं. पन्नाशीतला माणूस, ‘आमच्या वेळचे मास्तर’ म्हणून ज्यांच्याबद्दल बोलायचा ते त्याचे मास्तर नव्हतेच.

१९७९ साली मी आठवीत होते. बेरीज-वजाबाकीत हात चलाख, म्हणून अण्णांनी मला हाक मारली.

“चालू साल लिही. आता त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लाव. मग उलटे लाव. मोठ्यातून लहान वजा कर.”

९९७१ मधून १७९९ गेले, ८१७२ राहिले. “आता ह्याचंच तेच कर.” ८७२१ मधून १२७८, राहिले ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. “अजून एकदा कर,” अण्णा म्हणाले. ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४. मी परत केलं. परत तेच.

“टर्मिनस,” अण्णा म्हणाले. “ह्याच्या पुढे गाडी जात नाही. चारही अंक सारखे नसले की झालं, मग कुठलीही संख्या घे, इथंच येते. जास्तीत जास्त सात स्टेशनं. १९७९ ला सहा लागली.”

कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली होती. मला तेव्हा मद्रासशी देणंघेणं नव्हतं. माझ्या मनात भरलं ते स्टेशनं मोजणं. ६१७४ तर सगळ्यांचं सारखंच, त्यात काय बघायचं? पण किती पायऱ्यांत पोचलं हे ज्याचं त्याचं वेगळं. अण्णांनाही त्याचंच वेड होतं. धक्क्यावर वाघीण लागली की तिच्या नंबरातले शेवटचे चार आकडे ते मनात धरत आणि घरी येऊन तिची स्टेशनं काढत. कित्येकदा मी त्यांना विचारलेलं आठवतं, आज कोण आलं होतं? ‘दोन सातवाल्या आणि एक तीनवाली,’ असं उत्तर यायचं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सालाची स्टेशनं काढायचा मग नेमच पडला. १९८० ला तीन. १९८१ ला पाच. १९८२ ला दोन. १९८३ ला सात, म्हणजे कमाल. त्या दिवशी अण्णांनी वाड्यातल्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. १९८४ ला परत दोन.

त्या १९८४ मध्ये मी बारावी झाले. घरचा बेत असा की नाशिकला डी.एड. करावं आणि मोकळं व्हावं. मला पुण्याला जाऊन गणित-संख्याशास्त्र घ्यायचं होतं. बाबांची नाही म्हणायची इच्छा नव्हती, पैसे नव्हते. अण्णा एका संध्याकाळी आमच्याकडे आले, बाबांच्या समोर बसले, चहा घेतला, कांद्याचे भाव, गाड्यांचा उशीर असं सगळं बोलले आणि उठताना म्हणाले, “पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह माझ्याकडे. उसने म्हणून. पोरगी नोकरीला लागली की देईल.” बाबा काही बोलायच्या आत ते उंबऱ्याबाहेर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्या पैशांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता असं वाड्यातल्या काही जणींनी नंतर म्हटलं. काकूंचा हक्क होता. काकूंनी त्या वर्षी करायच्या म्हणून ठरवलेल्या पाटल्या केल्या नाहीत, हे मला आईकडून कळलं आणि बऱ्याच उशिरा कळलं.

पुण्याला गेल्यावर वर्षाचा नेम पत्राने सुरू राहिला. १९८५ ला पाच. १९८६ च्या जानेवारीत मी हिशेब केला: सहा. आणि मागे पाहिलं तर १९८० ते १९८५ या सहा सालांची स्टेशनं अशी दिसली: ३, ५, २, ७, २, ५. एकजात मूळ संख्या. दोन्ही बाजूंना १९७९ आणि १९८६ हे दोन सहा द्वारपालासारखे उभे. मी तेव्हा मूळ संख्यांवरचं जे मिळेल ते वाचत होते. अंतर्देशीय पत्रावर जागा पुरेना इतकं मी अण्णांना लिहिलं.

उत्तर आलं ते नेहमीच्या पाठकोऱ्या कागदावर, लिफाफ्यात घालून. ‘चि. हिस अ. उ. आ.’ नंतर प्रकृती, काकूंचा गुडघा, पाण्याची वेळ बदलली ते. मग लिहिलं होतं, एक ते सात ह्यांत मूळ संख्या चार: २, ३, ५, ७. सातातल्या चार. तेव्हा मूळ संख्या आली म्हणून हुरळून जाऊ नको, ती येणारच. उतारू चार असतील तर डब्यात कुणी ना कुणी भेटतोच. पण तू ज्याच्याकडे पाहिलंच नाहीस ते पाहा. १९८१ पासून १९८५ पर्यंत उलटं वाच.

५, २, ७, २, ५. उलटं वाचलं तरी तेच.

खाली त्यांनी पाच वजाबाक्या मांडल्या होत्या, बाणबिण न काढता. १९८१ ची पहिली वजाबाकी ८६२२. १९८२ ची ८५३२. १९८३ ची ८४४२. १९८४ ची ८३५२. १९८५ ची ८२६२. पहिला अंक प्रत्येक वेळी ८, शेवटचा २. मधले दोन बघावेत: ६२, ५३, ४४, ३५, २६. अंक पुन्हा उतरत्या क्रमाने लावायचेच आहेत, तर ६२ काय आणि २६ काय. म्हणजे १९८१ आणि १९८५ पहिल्याच स्टेशनावर एका गाडीत बसतात. १९८२ आणि १९८४ तसेच. मधला ४४ एकटा, त्याला जोडीदार नाही. ‘आरसा इथे आहे,’ अण्णांनी लिहिलं होतं, ‘मूळ संख्यांत नाही.’

मी ते पत्र खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, तुझे काका प्रोफेसर आहेत का? मी सांगितलं, मालधक्क्यावर आहेत.

संख्याशास्त्राच्या वर्गात मला पुढे जे मोठमोठ्या नावांनी शिकवलं गेलं त्याचा गाभा त्या कागदावर होता. सहा मूळ संख्या ओळीने आल्या. हे किती नवलाचं? चार अंकी सगळ्या संख्यांच्या पायऱ्या हाती असतील तर मोजता येईल. पण सहाही सुट्या धरल्या तर हिशेब चुकीचा ठरेल, कारण त्यातल्या दोन आरशाने फुकट दिल्या आहेत. खरी नाणी चारच उडाली. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हा प्रश्न आधी विचारायचा आणि नवल नंतर करायचं. नंतर माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या गुणवत्ता-नियंत्रणात गेली. तक्त्यावर ओळीने सात बिंदू सरासरीच्या वर चढले की बैठकीत गडबड उडते, कुणाच्या तरी पाळीवर खापर फुटतं. मी आधी विचारायची, ह्यातले एकमेकांची सावली असलेले किती? तोच गेज, तोच कामगार, त्याच पिंपातलं तेल? साहेब लोकांना तो माझा अनुभव वाटायचा.

त्याच १९८६ मध्ये कापरेकर देवळालीत वारले. अण्णांनी एका ओळीत कळवलं. त्या वर्षी ते स्वतःही निवृत्त झाले.

एम.एस्सी.ला असताना विभागात संगणक वापरायला मिळू लागला. मी पहिलं काम ठरवून टाकलेलं होतं. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजार संख्या घ्यायच्या, पुढे शून्य असली तरी चार अंकी धरायच्या, सारख्या अंकांच्या दहा वगळायच्या आणि राहिलेल्या ९९९० जणींची स्टेशनं मोजायची. कडेला भोकं असलेला तो लांब कागद गुंडाळून मी सुट्टीत नाशिकरोडला आणला. शून्य पायऱ्या लागणारी एकच, ६१७४ स्वतः. एक पायरी ३८३ जणींना, दोन ५७६, तीन २४००, चार १२७२, पाच १५१८, सहा १६५६, सात २१८४. जन्मभर वाघिणी मोजून अण्णांकडे जो नमुना जमला होता त्याची पूर्ण शिरगणती त्यांच्यासमोर पडली होती. त्यांनी चष्मा पुसला, बेरीज ताडून पाहिली. ९९९० आली. यंत्रावर विश्वास असला तरी बेरीज ताडायचीच.

मूळ संख्येएवढ्या पायऱ्या लागणाऱ्या किती? ६६७८. तीनांतल्या दोन. म्हणजे माझ्या सहा सालांचं नवल आणखी उतरलं. आरशाच्या दोन सोडून चार सुट्या धरल्या, तर तसं साधारण पाचांतून एकदा घडायला हरकत नाही.

अण्णांचं बोट मात्र ३८३ वर होतं.

“ही मूळ संख्या आहे.”

आहे. आणि त्या ओळीतली ती एकटीच. बाकीच्या सगळ्या सम. मी म्हटलं, पत्रात तुम्हीच लिहिलंत ना, हुरळू नये?

“हुरळत नाही. विचारतोय. सगळ्या सम आणि ही एकटी विषम का?”

त्यांना उत्तर सापडायला काकूंच्या भाजीला फोडणी बसेपर्यंतचा वेळ लागला. चार वेगळे अंक २४ तऱ्हांनी मांडता येतात. त्यांतले दोन सारखे असतील तर १२ तऱ्हांनी. सगळ्या मांडण्यांची स्टेशनं सारखी, कारण पहिल्याच पायरीला अंक लावून घ्यायचे असतात. तेव्हा आकडे टोळ्यांनी येतात, एकेकटे येत नाहीत. पहिल्याच फटक्यात ६१७४ वर पोचणाऱ्यांच्या टोळ्या मोजल्या तर ३८४ भरतात, म्हणजे सोळा चोवीस. पण ७६४१, १४६७ अशा त्या चोवीसांच्या एका टोळीत ६१७४ स्वतःही बसलेली आहे, आणि तिला एकही पायरी लागत नाही म्हणून आपण तिला शून्याच्या रकान्यात नेलं. ३८४ वजा एक. “यजमानीण पंक्तीत धरली नाही, म्हणून संख्या मूळ झाली,” अण्णा म्हणाले आणि फार खूश होऊन जेवायला उठले.

गणिताच्या वर्तुळात कापरेकरांना हसणारे पुष्कळ होते, हे अण्णांनाही माहीत होतं. दहाच्या पद्धतीत लिहिलेल्या अंकांशी खेळणं म्हणजे संख्येशी नव्हे, तिच्या कपड्यांशी खेळणं, असा तो आक्षेप. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाला देवळाली कळली. इकडे फार फरक पडला नसावा. आक्षेप खोटा नाही. पण मी पाहिलेलं एवढंच की ज्या माणसाला कुणी व्याख्या, सिद्धता हे शब्द शिकवले नव्हते त्याच्या हाती त्या खेळातून सिद्धतेची चव लागली होती. ३८४ वजा एक ही सिद्धताच आहे.

मग मी त्यांना दुसरं व्यसन लावलं. ते मात्र मी पुण्याहून नेलं. कुठलीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. असंच करत राहा. शेवटी १ येतो. लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाचं नाव ह्याला लागलं आहे, प्रश्न १९३७ चा सांगतात. इथे सात स्टेशनांची हमी नाही. प्रत्येक संख्या १ वर येतेच, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या २०२० पर्यंत यंत्रांनी तपासल्या, टेरेन्स टाओने २०१९ मध्ये ‘जवळजवळ सगळ्या’ संख्यांबद्दल एक खोल निकाल दिला. ‘सगळ्या’ अजून दूर आहे.

अण्णांनी पहिल्याच आठवड्यात २७ घेतली. माझी खोडी नव्हती ती, त्यांचीच निवड. २६ ला दहा पायऱ्या लागल्या, तर २७ ला कितीशा लागतील, असा हिशेब. २७ वर चढत चढत ९२३२ पर्यंत जाते आणि मग उतरायला लागते. रेल्वेचे कितीतरी फॉर्म त्यात खर्ची पडले. पोचल्यावर त्यांनी पायऱ्या मोजल्या: १११. “एवढं चाललो,” त्यांनी पत्रात लिहिलं, “आणि शेवटी तीनने भाग जातो!”

पहिल्या शंभर संख्यांचा तक्ता मी यंत्रावर काढून पाठवला. मूळ संख्येएवढ्या पायऱ्या लागणाऱ्या त्यात २८ आहेत. तेही साहजिकच: सगळ्यांत लांबचा प्रवास ९७ चा, ११८ पायऱ्यांचा, आणि ११८ पर्यंत मूळ संख्या आहेत ३०, चारांतली एक. एवढं आता मीच लिहिलं, त्यांना सांगायला लावलं नाही. पण त्या अठ्ठावीसांत सात जोड्या होत्या, शेजारशेजारच्या: १४ आणि १५ दोघींना १७ पायऱ्या, २० आणि २१ ना ७, ३४ आणि ३५ ना १३, ५२ आणि ५३ ना ११, ६० आणि ६१ ना १९, ६२ आणि ६३ ना १०७, ९२ आणि ९३ ना १७. त्याखाली मी फक्त ‘आरसा?’ एवढं लिहिलं.

ह्या वेळी उत्तराला महिने लागले. अण्णांच्या चष्म्याचा नंबर वाढल्याची काकूंची तक्रार मी मागाहून ऐकली. पण उत्तर जे आलं ते इतकं देखणं होतं की मी ते अजून दर वर्षी कुणाला ना कुणाला दाखवते. ५२ च्या तीन पायऱ्या: २६, १३, ४०. ५३ च्या तीन पायऱ्या: १६०, ८०, ४०. एक उतरते आणि मग चढते, दुसरी चढते आणि मग उतरते, तिसऱ्या पायरीला भेट. आठाने भागून बाकी ४ राहणारी संख्या आणि तिच्या पुढची, बाकी ५ वाली, ह्यांचं नेहमी असंच होतं. फक्त अगदी पहिली जोडी, ४ आणि ५ ची, सोडायची, कारण ४ वाटेतच १ वर उतरून जाते. २०-२१, ६०-६१, ९२-९३ ह्याच घराण्यातल्या. १४-१५ आणि ३४-३५ चालत चालत ५२-५३ ला येऊन मिळतात. राहिली ६२-६३. ह्या दोघी बराच वेळ वेगवेगळ्या वाटांनी हिंडतात, पण पावलाला पाऊल मिळवून, आणि दहाव्या पायरीला एक असते ४८४ वर तर दुसरी ४८५ वर. ४८४ ला आठाने भागा, बाकी ४. तेराव्या पायरीला दोघी ३६४ वर एकत्र येतात. सातही जोड्यांना एकच कारण. अण्णांनी अक्षरं वापरली नव्हती, क्ष नव्हता, य नव्हता. ‘आठाने भागून चार उरतील त्या’ असं शब्दांत लिहिलं होतं आणि पाच उदाहरणं ताडून खाली रेघ मारली होती.

पायऱ्या सारख्या का, ह्याला कारण मिळालं. त्या पायऱ्या मूळ संख्येएवढ्या का, ह्याला मिळालं नाही. २ च्या घातांना घातांकाएवढ्या पायऱ्या लागतात, म्हणून ३२ ला पाच, १२८ ला सात. असं काही उघड सोडलं तर त्या का तशा याव्यात हे मला आजही कुठे दिसलेलं नाही, आणि दिसेल अशी माझी अपेक्षाही नाही.

नोकरी लागली, हप्ते सुरू झाले, संपले, ती पावती मिळाली. अण्णा नव्वदच्या दशकात गेले. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी एक पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ढकलली. “रद्दीवाला किलोने मागतोय. तुला हवं ते काढ.” मी सगळंच घेतलं. बहुतेक पानांवर वजाबाक्या. माझा तो भोकांचा लांब कागदही घडी करून ठेवलेला. त्याच्या समासात प्रत्येक आकड्यापुढे २४ ने भागून आलेला भागाकार पेन्सिलीने लिहिला होता: ३८४ सोळा, ५७६ चोवीस, २४०० शंभर, १२७२ त्रेपन्न, १६५६ एकोणसत्तर, २१८४ एक्याण्णव. निःशेष. फक्त पाच पायऱ्यांच्या १५१८ पुढे लिहिलं होतं, ‘६३, बाकी ६. का?’ त्या ‘का’वर पेन्सिल इतक्यांदा फिरली होती की कागद तिथे चकाकत होता.

ट्रंक घरी आणल्यावरही मला ते पुष्कळ दिवस बघवलं नाही. नंतर पाहिलं तर माझ्याकडूनही लगेच सुटेना. बाराच्या टोळ्या जोडीने येऊन चोवीस पुऱ्या करतात, तीन अंक सारखे असलेल्या चाराच्या टोळ्यांचीही सोय लागते. ते कसं, हे कागद-पेन्सिल घेऊन ज्याने त्याने करावं. घोटाळा आहे तो ५५०० सारख्यांचा, दोन-दोन अंक सारखे असलेल्यांचा. त्यांच्या मांडण्या सहाच. अशा संख्यांची पहिली वजाबाकी नेहमी १०८९ च्या पाढ्यात येते. तो पाढा लिहावा: १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिला शेवटच्याचा उलटा, दुसरा त्याच्या आधीच्याचा उलटा. उलटे म्हणजे अंक तेच, म्हणजे पुढची स्टेशनं तीच. प्रत्येकाला जोडीदार आहे आणि जोडीजोडीने ते साठ-साठ भरतात. अशा दोन-दोन जोड्या एका रकान्यात पडून एकशेवीस, पाच चोवीस. मधल्या ५४४५ ला जोडीदार नाही. ५५००, ६६११, ७७२२, ८८३३, ९९४४ आणि त्यांच्या मांडण्या, एकूण ३०, ह्या एकट्याच पाच पायऱ्यांच्या रकान्यात जाऊन बसतात. तिसातून चोवीस गेले, बाकी ६.

अण्णांच्या पत्रातला १९८३ चा ४४ आणि हा ५४४५, दोन्ही त्याच आरशाच्या बरोबर मध्यावर उभे.

८७१२ आणि ९८०१ बघून मला हसू आलं. जी. एच. हार्डीने १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नेमक्या ह्याच दोन संख्यांचा उल्लेख केला आहे: स्वतःच्या उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच, आणि असल्या गोष्टींत गणितज्ञाने रमण्यासारखं काही नाही. हार्डीपुढे बोलायची माझी प्राज्ञा नाही. शिवाय त्याचं म्हणणं मला पटतंही. फक्त त्याने मालधक्क्याच्या बाजूने ह्या आकड्यांकडे पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला नाशिकरोडला गेले तेव्हा काकूंना सांगितलं, अण्णांचा एक प्रश्न राहिला होता, तो सुटला. त्या निवडलेली मेथी परातीत टाकत होत्या. “कुठला, तो चोवीसवाला?” मी चकित झाले. त्यांना गणिताचा गंध नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“झोपेतसुद्धा भागायचे,” काकू म्हणाल्या. “सहा उरतात, सहा उरतात. मी एकदा म्हटलं, अहो, कुणीतरी एकटं राहिलं असेल त्यात. तर म्हणाले, तुला काय कळतंय.”

मी त्यांना ५४४५ लिहून दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि विचारलं, “मग पाच अंकी घेतले तर?”

पाच अंकींना टर्मिनस नाही. त्या तीन वेगवेगळ्या चक्रांत फिरत राहतात, एक दोन संख्यांचं आणि दोन चार-चारांची. हे मी काकूंना सांगायला लागले, तर त्यांनी हात पुसले आणि कोनाड्यातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला.